कॉलेजच्या कोर्टापर्यंत: तरुण बास्केटबॉलपटूने आपली शक्यता कशी जोखावी

मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतो. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच. शनिवारच्या सामन्यात वीस-बावीस गुण काढतो आणि घरी परतताना गाडीत विचारतो, ‘मी एनबीएत खेळू शकेन का?’ या प्रश्नाला ‘हो, का नाही!’ म्हणणं खोटं असतं, आणि ‘आधी अभ्यास कर’ म्हणून तो उडवून लावणं निष्ठुरपणाचं. अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधता यावं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगची, शक्यता मोजत बसू नये, पुढच्या पायरीची मोजावी. आठवीतल्या मुलाची पुढची पायरी म्हणजे हायस्कूलचा मुख्य संघ, दहावीतल्याची म्हणजे कॉलेजच्या प्रशिक्षकाच्या यादीत नाव येणं. प्रत्येक पायरीची मापं वेगळी आहेत आणि ती बऱ्यापैकी तपासताही येतात.

आकडे एकदाच नीट बघून घ्या

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ५ लाख ४० हजार मुलगे आणि पावणेचार लाखांच्या आसपास मुली हायस्कूलच्या संघांतून बास्केटबॉल खेळतात. मुलांपैकी शंभरात साधारण साडेतीन जण एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या कुठल्या तरी विभागातल्या कॉलेजकडून खेळतात. सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये पोचतो तो शंभरात एक. मुलींचं प्रमाण थोडं बरं आहे: शंभरात चार-साडेचार जणी एनसीएएत, आणि डिव्हिजन वनमध्ये एकीपेक्षा किंचित जास्त. एनसीएएत खेळून ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीला, पात्र ठरलेल्या मुलांपैकी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जातो तोही शंभरात एखादाच.

हे आकडे वाचून काहीजण हातपाय गाळतात, तर काहींना वाटतं की आपलं मूल त्या एकातलंच आहे. दोघांचीही वाचण्यात चूक होते. या साडेपाच लाखांत नववीत पहिल्यांदा संघात आलेला मुलगाही धरलेला आहे आणि हौस म्हणून खेळणारा, बारावीनंतर खेळायचंच नाही असं ठरवलेलाही. दहावीतच मुख्य संघात, म्हणजे व्हार्सिटीत, सुरुवातीच्या पाचांत खेळणाऱ्या मुलाची शक्यता या सरासरीपेक्षा बरीच जास्त असते, आणि अकरावीतही ज्युनिअर व्हार्सिटीच्या, म्हणजे दुय्यम संघाच्या, बाकावर बसलेल्याची बरीच कमी. सरासरी आकडा त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो. शिवाय हा हिशेब फक्त एनसीएएचा आहे. एनएआयए नावाच्या वेगळ्या संघटनेतली लहान कॉलेजं आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं धरली, तर कॉलेजात खेळण्याचं दार आणखी थोडं उघडतं.

‘कॉलेजात खेळायचं’ म्हणजे नेमकं कुठे?

हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. डिव्हिजन वनमध्ये मुलांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. मार्च महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत टीव्हीवर दिसतात ते यातले ६८. पूर्ण स्कॉलरशिपची परंपरा इथलीच. पण इथेही आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत; तिथे मिळते ती घरच्या उत्पन्नानुसार मदत. डिव्हिजन टूमध्ये स्कॉलरशिपची रक्कम खेळाडूंमध्ये वाटली जाते, त्यामुळे बहुतेकांना अर्धी-पाव मिळते. डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून जास्त संघ आहेत आणि खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. पण चांगले ग्रेड असतील तर अभ्यासासाठीची मदत मिळते, आणि ती कधीकधी डिव्हिजन टूच्या तुकड्यापेक्षा मोठी असते. ज्युनिअर कॉलेज ही दोन वर्षांची पायरी. उशिरा उंच झालेल्या किंवा ग्रेड मागे पडलेल्या मुलाला तिथे दुसरी संधी मिळते. शिकागो बुल्स या एनबीए संघातून नावारूपाला आलेला जिमी बटलर टेक्सासमधल्या टायलर ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष खेळून मार्केट विद्यापीठात गेला आणि २०११च्या ड्राफ्टमध्ये तिसावा निवडला गेला.

डिव्हिजन थ्रीला कमी लेखू नका. यासाठी मी प्रत्येक घराला एकच गृहपाठ सांगतो: मूल आठवी-नववीत असताना जवळच्या डिव्हिजन थ्री कॉलेजचा एक सामना कोर्टालगत बसून बघा. टीव्हीवर नाही, प्रत्यक्ष. अर्धा तास आधी जा आणि सराव चाललेला असताना बाकावरच्या दहाव्या-अकराव्या खेळाडूवर डोळा ठेवा. तो किती जोरात पास देतो, त्याचे खांदे केवढे आहेत, दहापैकी किती शॉट आत जातात. हा मुलगा आपल्या हायस्कूलचा सर्वोत्तम खेळाडू होता आणि आज त्याला दोन मिनिटंही खेळायला मिळत नाहीत. हे डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या सगळ्या चर्चा जमिनीवर येतात. कितीतरी मुलांना उलट हुरूपही येतो, कारण तिथे त्यांना पावणेसहा-सहा फुटांचे गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारे खेळाडू, खेळताना दिसतात.

उंचीचा हिशेब

हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण हे वय मुलागणिक दोन-दोन वर्षं मागेपुढे होतं. त्यामुळे सातवीच्या संघात एकाचं शरीर सोळा वर्षांच्या मुलाचं असतं आणि दुसऱ्याचं अकराचं. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी राजा असतो. प्रशिक्षक त्याला बास्केटखाली उभा करतात, तो उंचीच्या जोरावर गुण काढतो, चेंडू घेऊन धावायची वेळच त्याच्यावर येत नाही. मग पंधराव्या वर्षी त्याची वाढ पाच फूट अकरावर थांबते, बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात, आणि हातात गार्डचं एकही कौशल्य नसलेला एक बुटका सेंटर, म्हणजे बास्केटखालचा खेळाडू, उरतो. यात त्या मुलाचा काडीचाही दोष नसतो. त्याला त्याच्या उद्याच्या उंचीचा खेळ कोणी शिकवलेलाच नसतो.

उलटं उदाहरण अँथनी डेव्हिसचं. हायस्कूलच्या सुरुवातीच्या वर्षांत तो सव्वासहा फुटांच्या आतबाहेरचा गार्ड होता. मग दोन वर्षांत तो सुमारे आठ इंच वाढला. गार्डचे हात आणि सेंटरची उंची एकत्र आली आणि २०१२ साली तो ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. डेनिस रॉडमन तर हायस्कूल संपल्यावर उंच झाला, आणि ओक्लाहोमातल्या एका एनएआयए कॉलेजातून १९८६मध्ये एनबीएत आला.

घरी करता येण्याजोगा एक ढोबळ हिशेब आहे. आई आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बेरीज करा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनने भागा. वडील १७५ आणि आई १६० असेल, तर मुलाचा अंदाज १७४ सेंटिमीटर येतो, म्हणजे पाच फूट साडेआठ इंच. याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. हे भविष्य नव्हे, दिशा आहे. अंदाज पावणेसहा फुटांचा असेल, तर आजची उंची काहीही असो, मुलाला गार्डचा खेळ शिकवा. प्रशिक्षकांना स्पष्ट विनंती करा की सरावात तरी त्याला चेंडू पुढे आणू द्या. तीन-चार महिन्यांनी एकदा, सकाळी, अनवाणी उंची मोजून तारखेसह लिहून ठेवा. वेग कधी मंदावतो ते त्यातून कळतं.

आता तुलना कशाशी करायची? हव्या त्या कॉलेजच्या वेबसाइटवर संघाची यादी असते, त्यात प्रत्येकाची उंची लिहिलेली असते. साधारणपणे डिव्हिजन वनच्या मुलांमध्ये गार्ड सहा फूट एक ते सहा फूट पाच, फॉरवर्ड साडेसहा ते पावणेसात फूट, आणि सेंटर त्याहून वर असे आढळतात. डिव्हिजन थ्रीत प्रत्येक जागेवर दोन-तीन इंच कमी धरा. डिव्हिजन वनच्या मुलींमध्ये गार्ड पाच फूट सात ते दहा आणि बास्केटखालच्या खेळाडू सहा फूट एकच्या पुढे. या यादीतल्या उंच्या बऱ्याचदा फुगवलेल्या असतात. खुद्द एनबीएने २०१९मध्ये सर्व खेळाडूंची बूट काढून उंची मोजायला लावली तेव्हा कितीतरी नामांकितांची उंची कागदावर कमी झाली. म्हणून यादीतून एक इंच वजा करा, स्वतःच्या मुलात मात्र एकही मिळवू नका.

उंचीइतकंच महत्त्व हातांच्या पसाऱ्याला आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं. सर्वसामान्य माणसात हे माप उंचीइतकंच येतं. एनबीएच्या खेळाडूंमध्ये ते सरासरी चार-पाच इंचांनी जास्त असतं. सहा फुटांचा मुलगा आणि सहा फूट पाच इंचांचा पसारा असेल, तर बचावात तो सव्वासहा फुटांच्या मुलासारखा खेळतो.

पाच फूट तीन इंचांचा मग्झी बोग्झ एनबीएत चौदा हंगाम खेळला, हे मला माहीत आहे. तुमचं मूलही कधीतरी हे नाव घेईल. बोग्झ आपल्या पिढीतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत चलाख चेंडूचोरांपैकी एक होता. उंची कमी असेल तर एखादं दुसरं माप टोकाचं असावं लागतं, थोडंफार चांगलं असून भागत नाही.

कौशल्याची चाचणी घरच्या घरी

पहिली चाचणी रेषेची. हायस्कूलची थ्री-पॉइंट रेषा बास्केटपासून ६.०२ मीटरवर असते, कॉलेजची ६.७५ मीटरवर, एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर. टेप घेऊन कॉलेजच्या अंतरावर खडूने खूण करा. मुलाला आधी कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच वेळा पळवा, लगेच दहा शॉट मारायला सांगा, मिनिटभर थांबा, आणि असे दहा फेरे करा. शंभरातले किती गेले ते लिहा. दमलेल्या पायांनी, कोणी अडवत नसताना, शंभरात साठच्या पुढे जात असतील, तर नेमबाज म्हणून कॉलेजचा विचार करायला हरकत नाही, असं माझं मत आहे. सामन्यातली टक्केवारी याच्या जवळपास निम्मी होते. डिव्हिजन वनमध्येसुद्धा थ्री-पॉइंटची सरासरी ३३-३४ टक्क्यांच्या आसपासच राहते.

दुसरी फ्री थ्रोची. कॉलेजात सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास असते. हा एकच शॉट असा आहे की ज्यात उंची, वेग, प्रतिस्पर्धी, काहीच आड येत नाही. तो सत्तरच्या खाली राहतो याचा अर्थ पुरेसा सराव झालेला नाही, आणि प्रशिक्षकही तसाच अर्थ लावतात.

तिसरी चाचणी कमकुवत हाताची. उजवा हात पाठीमागे ठेवून, डाव्या हाताने, मागावर बचावपटू असताना चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेता येतो का? हायस्कूलमध्ये हे लपून जातं. कॉलेजचा बचावपटू पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो की हा फक्त उजवीकडे जातो, आणि मग उजवी बाजू बंद होते.

या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट मापात बसत नाही. पुढच्या पायरीवर प्रत्येकजण आपापल्या शाळेचा हिरो असतो. पाच हिरोंना पाच चेंडू मिळत नाहीत. म्हणून प्रशिक्षक विचारतात, चेंडू हातात नसताना हा काय करतो? डंकन रॉबिन्सन डिव्हिजन थ्रीच्या विल्यम्स कॉलेजात सुरू झाला, तिथून मिशिगन विद्यापीठात गेला, ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही, आणि तरीही तो एनबीएत टिकला, कारण चेंडूशिवाय धावत राहून मोकळी जागा शोधायची आणि तिथून थ्री मारायचा, हे काम तो कोणाहीपेक्षा चांगलं करत होता. तुमच्या मुलाचं असं एक काम कोणतं? समोरच्या सर्वोत्तम गार्डला अडवणं, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), न चुकता पास देणं, काहीही चालेल. पण ‘तो सगळंच बरं करतो’ हे उत्तर आलं, तर काम अजून बाकी आहे.

एक सामना असा बघा की चेंडूकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही, फक्त आपल्या मुलाकडे बघायचं. चेंडू गमावल्यावर तो लगेच मागे पळतो की हात झटकत उभा राहतो? बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो? कॉलेजचे प्रशिक्षक नेमकं हेच टिपायला आलेले असतात.

ग्रेड: सर्वांत स्वस्त पडणारी तयारी

डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळायला हायस्कूलच्या चार वर्षांत १६ कोअर कोर्स लागतात: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र वगैरे. डिव्हिजन वनसाठी या विषयांत किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) हवा, डिव्हिजन टूसाठी २.२. डिव्हिजन वनची खरी मेख पुढे आहे. १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. बारावीत जाग येऊन हे भरून काढता येत नाही. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३मध्ये काढून टाकली आहे, पण एखाद्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते.

नववीत पहिल्याच महिन्यात शाळेच्या समुपदेशकाकडून एनसीएएने मान्य केलेल्या कोर्सची यादी मागून घ्या. प्रत्येक कोर्स त्यात असेलच असं नाही. आणि २.३ ला ध्येय समजू नका. साडेतीनच्या वर जीपीए असलेल्या खेळाडूसाठी अभ्यासाची मदत, आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीची नामांकित कॉलेजं, अशी दारं उघडतात. कित्येक मुलांच्या बाबतीत शॉट सुधारण्यापेक्षा बीजगणित सुधारल्याने कॉलेजात खेळण्याची शक्यता जास्त वाढते.

शरीर सांभाळणं

एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चौदा वर्षांपर्यंत मुलाने एकाच खेळाला जुंपून घेऊ नये. मला ते मनापासून पटतं. पोहणं, फुटबॉल, टेनिस, जे आवडेल ते खेळू द्या. पाय हलके होतात आणि गुडघ्याच्या त्याच त्या जागेवर ताण येत नाही. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. झोप आठ ते दहा तास हवी.

मुलींच्या बाबतीत गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाला इजा होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उडी मारून खाली येताना गुडघे आतल्या बाजूला झुकत असतील तर ती धोक्याची खूण. सरावाआधी पंधरा मिनिटांचा योग्य वॉर्म-अप, ज्यात खाली कसं उतरायचं, कसं वळायचं हे शिकवलं जातं, तो ही जोखीम खरोखर कमी करतो. संघाच्या प्रशिक्षकांना विचारा की तो घेतला जातो का. पाळी थांबणं किंवा फार अनियमित होणं हे ‘खेळाडू आहे, चालायचंच’ म्हणून सोडू नका; डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळी क्लब आणि खर्च

हायस्कूलच्या हंगामानंतर एप्रिल ते जुलै क्लब संघांचे सामने चालतात. त्यांना सरसकट एएयू (अमॅच्युअर अॅथलेटिक युनियन या संघटनेच्या नावावरून) म्हटलं जातं. नायकी, आदिदास आणि अंडर आर्मर या कंपन्यांच्या मालिका यात सर्वांत वर. प्रशिक्षकांना बाहेर जाऊन खेळाडू बघण्याची मुभा ठरावीक काळातच असते, त्यामुळे अकरावीच्या आधीच्या आणि नंतरच्या उन्हाळ्यात योग्य ठिकाणी खेळणं खरंच कामाचं आहे. सातवी-आठवीत विमानाने तीन राज्यं ओलांडून सामने खेळायला नेण्यात मात्र मला काहीही अर्थ दिसत नाही. त्या वयात तिथे कोणी निवड करायला बसलेलं नसतं.

क्लब निवडताना एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत इथली मुलं कुठल्या कॉलेजात गेली? नावं सांगता आली नाहीत तर पुढचं बोलणं थांबवा. आणि मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा मध्यम संघात पंचवीस मिनिटं खेळणं चांगलं.

प्रशिक्षकांशी संपर्क

डिव्हिजन वनच्या मुलांच्या संघांचे प्रशिक्षक खेळाडूला स्वतःहून फोन किंवा संदेश करू शकतात ते दहावी संपल्यावर १५ जूनपासून. पण मुलाने आधीपासून ईमेल पाठवायला काही आडकाठी नाही. ईमेल मुलाने किंवा मुलीनेच लिहायचा. आईवडिलांनी लिहिलेला ईमेल दोन ओळींत ओळखू येतो आणि प्रशिक्षकाच्या मनात पहिली शंका तिथेच येते.

त्यात काय असावं? नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, अनवाणी उंची, जागा, जीपीए, शाळेच्या आणि क्लबच्या प्रशिक्षकांचे फोन, येत्या सामन्यांच्या तारखा आणि जर्सीचा क्रमांक. याच कॉलेजला का लिहितो आहे याबद्दल एक खरं वाक्य. आणि व्हिडिओचा दुवा. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, संगीताशिवाय, सर्वोत्तम गोष्टी पहिल्या तीस सेकंदांत. बचाव आणि पास यांचेही तुकडे त्यात हवेत. सोबत एका पूर्ण सामन्याचं चित्रण जोडा, चुकांसकट. निवडक तुकड्यांवर कोणताही अनुभवी प्रशिक्षक विश्वास ठेवत नाही.

तीस-चाळीस कॉलेजांची यादी करा: थोडी आवाक्याबाहेरची, निम्मी बरोबरीची, उरलेली जिथे नक्की जमेल अशी. हजारो डॉलर घेऊन ‘तुमचं प्रोफाइल कॉलेजांपर्यंत पोचवतो’ म्हणणाऱ्या सेवांची गरज नाही. तेच काम मुलगा रविवारच्या दोन तासांत करू शकतो, आणि त्याने ते केल्याचं प्रशिक्षकांना आवडतं.

मग उत्तरं येऊ लागतील. ती वाचायला शिकणं हेही एक कौशल्य आहे. कॉलेजच्या कॅम्पचं छापील आमंत्रण म्हणजे बहुतेकदा जाहिरात. कॅम्पच्या फीमधून कार्यक्रमाचा खर्च निघतो. सहायक प्रशिक्षकाचा नावानिशी, तुमच्या सामन्याचा उल्लेख असलेला संदेश म्हणजे खरी दखल. सामना बघायला कोणी आलं तर आस्था. मुख्य प्रशिक्षक स्वतः आले किंवा त्यांनी कॉलेजच्या खर्चाने भेटीला बोलावलं तर गोष्ट गंभीर आहे. आणि तोंडी ऑफर दोन्ही बाजूंना बांधत नाही. लेटर ऑफ इंटेंटची, म्हणजे कॉलेजला बांधून घेणाऱ्या पत्राची, जुनी पद्धत ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झाली. आता आर्थिक मदतीच्या लेखी करारावर सही होईपर्यंत काहीही पक्कं धरू नका.

अकरावीचा उन्हाळा संपेपर्यंत एखाद्या पातळीवरून एकही नावानिशी उत्तर आलं नसेल, तर त्या पातळीचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. मुलाला हे सांगणं जड जातं. पण सांगा, आणि त्याच आठवड्यात खालच्या पातळीच्या दहा कॉलेजांना ईमेल पाठवा.

गेल्या काही वर्षांत काय बदललं

२०२१च्या जुलैपासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमवू शकतात. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत, सगळे खेळ मिळून. त्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांत बास्केटबॉलचा संघ पंधरा जणांचाच ठेवावा लागतो. म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात शिरण्याची जुनी वाट अरुंद झाली.

त्याहून मोठा परिणाम ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीचा, आहे. खेळाडू आता वर्षाअखेर कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. त्यामुळे डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकासमोर एका जागेसाठी अठरा वर्षांचा तुमचा मुलगा असतो आणि दोन हंगाम खेळलेला, वजनाने भरलेला बावीस वर्षांचा गडीही असतो. प्रशिक्षक बहुतेक वेळा दुसऱ्याला घेतो. पाच वर्षांपूर्वी ज्याला लहान डिव्हिजन वन कॉलेज मिळालं असतं, त्याला आज डिव्हिजन टू मिळतं. पण हीच वाट खालून वर यायलाही आहे. डेरिक व्हाइट कोलोरॅडोतल्या एका डिव्हिजन टू कॉलेजात तीन वर्षं खेळला, मग मोठ्या विद्यापीठात गेला, २०१७मध्ये ड्राफ्टमध्ये एकोणतिसावा निवडला गेला आणि २०२४मध्ये बॉस्टन सेल्टिक्सच्या विजेत्या संघात होता. म्हणून माझा आग्रह असतो, जिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षी खेळायला मिळेल तिथे जा.

एक गोष्ट आपल्यातल्या अनेक घरांना लागू पडते. मूल विद्यार्थी व्हिसावर किंवा पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असेल, तर नावावर कमाई करणं इमिग्रेशनच्या नियमांत अडकू शकतं. कुठल्याही करारावर सही करण्याआधी त्या विषयातल्या वकिलाला विचारा.

आणि व्यावसायिक खेळ?

एनबीएत ३० संघ, प्रत्येकी १५ नेहमीचे करार आणि तीन टू-वे करार (एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग या दोन्हींत खेळण्याचे). एकूण जागा साडेपाचशेच्या आत. ड्राफ्टमध्ये जास्तीत जास्त ६० जण निवडले जातात. २०२४-२५चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यात १२५ परदेशी खेळाडू होते, म्हणजे स्पर्धा साऱ्या जगाशी आहे. ड्राफ्टच्या वर्षी वय १९ पूर्ण व्हावं लागतं आणि अमेरिकन मुलाचं हायस्कूल संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं. मुलींसाठी जागा आणखी कमी: २०२५मध्ये डब्ल्यूएनबीएत १३ संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा जणी.

पण पगार घेऊन खेळणं म्हणजे फक्त एनबीए नव्हे. स्पेन, तुर्की, इटली, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया इथल्या लीगमध्ये दरवर्षी शेकडो अमेरिकन खेळतात, त्यांत लहान कॉलेजांतून आलेलेही असतात. एनबीएच्या जी लीगमध्ये २०२४-२५ साली नेहमीच्या करारावर एका हंगामाचे साधारण ४३ हजार डॉलर मिळत होते. परदेशात चांगला खेळाडू त्याहून जास्त कमावतो. या वाटेचा विचार कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाआधी करण्याची गरज नाही. तोवर खुणा दिसू लागतात: आपल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, सर्वोत्तम पाचांत निवड होते का, आणि सामन्यांना व्यावसायिक संघांचे निरीक्षक येतात का.

ऑफर हातात आल्यावर

कॉलेजला भेट द्याल तेव्हा मुलालाच प्रश्न विचारू द्या. माझ्या जागेवर सध्या किती खेळाडू आहेत आणि ते कोणत्या वर्षात आहेत? पुढच्या वर्षी पोर्टलमधून माझ्या जागेवर कोणाला आणायचा विचार आहे का? जखमी झालो तर मदतीचं काय होईल, ते लेखी मिळेल का? तुमच्याकडच्या खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? मग प्रशिक्षक नसताना, जेवायच्या टेबलावर, संघातल्या दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूंशी बोला. ज्यांना फारसं खेळायला मिळत नाही त्यांच्याशी आवर्जून. संघ आतून कसा आहे ते त्यांच्याकडूनच कळतं.

मुख्य प्रशिक्षक वर्षभरात दुसरीकडे जाऊ शकतात, हे धरूनच चाला. ते नसताना आणि गुडघ्याला पट्टी असताना त्या आवारात चार वर्षं राहायला, शिकायला आवडेल का, हा प्रश्न घरी परतताना गाडीत विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर सही करा, आणि दुसऱ्याच दिवशी त्या संघाच्या ताकद-प्रशिक्षकाला ईमेल करून उन्हाळ्याचा व्यायाम मागून घ्या. ऑगस्टमध्ये पहिल्या सरावाला उभं राहताना ते बारा आठवडे उपयोगी पडतात.